होतकरू खेळाडूचा करार केव्हां बदलावा?

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, ही म्हण फुटबॉलला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कोणत्याही खेळाला क्वचितच लागू पडत असेल. पावसाळा सुरू झाला कीं ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील मोकळ्या मैदानांवर चिखल तुडवीत चेंडूमागें धांवणारीं मुलें आपण दरवर्षीं पाहतों. त्यांत एखादा असा निघतो कीं, चेंडू त्याच्या पायाशीं येतांच कडेनें जाणारा वाटसरूही क्षणभर थांबतो. अशा मुलाचें कौतुक पूर्वीं शाळेच्या ढालीपाशींच संपत असे. आतां तसें राहिलेलें नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर, २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेचे सामने झाले. २०२२ सालीं मुलींच्या त्याच स्पर्धेचा अंतिम सामनाही तेथेंच होऊन स्पेननें कोलंबियाचा पराभव केला. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हां मुंबई सिटी हा संघ आपले पहिले घरचे सामने याच मैदानावर खेळला. फुटबॉल हा आतां उपजीविकेचाही एक मार्ग झाला आहे. आणि जेथें उपजीविकेचा प्रश्न आला तेथें कागद, सही व अटी ओघानेंच आल्या.

उत्तम खेळणाऱ्या मुलाच्या पालकांपुढें करारपत्र आलें म्हणजे सही करावी कीं करूं नये, हा पहिला प्रश्न असतो. त्याविषयीं चार जाणत्या माणसांचा सल्ला कोणीही घेतो. परंतु खरा अवघड प्रश्न त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनीं उभा राहतो. मुलानें नांव काढलें, संघ त्याच्यावर विसंबूं लागला, आणि ज्या वेतनावर सही केली होती तें आतां तोकडें वाटूं लागलें. अशा वेळीं मुदत संपण्यापूर्वींच करार नवा करून मागावा काय? क्लबानें तो आपण होऊन नवा करावा काय? आणि करावयाचा तर केव्हां? या प्रश्नांचा विचार आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल अशा रीतीनें येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. दिलेला शब्द पाळावा, असें आपण मुलांस घरीं व शाळेंत शिकवितों. मग सही केलेला करार बदलून मागणें हा शब्द मोडण्याचाच प्रकार नव्हे काय? शुभवर्तमानांतील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. सकाळीं एका नाण्याच्या बोलीवर कामास आलेल्या मजुरांनीं सायंकाळीं कुरकुर केली, तेव्हां धन्यानें त्यांस ठरलेल्या बोलीचीच आठवण करून दिली. हा न्याय खराच आहे. परंतु ती बोली एका दिवसाची होती. सूर्य मावळतांच दोन्ही पक्ष मोकळे झाले. वाढत्या वयाच्या मुलाचा करार तीन-तीन, पांच-पांच वर्षें चालतो, आणि तेवढ्या काळांत मुलगा व त्याचें काम हीं दोन्ही बदलतात. राखीव म्हणून आलेला मुलगा संघाचा आधारस्तंभ होऊन बसतो. तेव्हां करार मोडणें आणि उभयतांच्या संमतीनें करार बदलणें यांत मोठें अंतर आहे. पहिल्यांत एकजण दुसऱ्याला टाकून जातो. दुसऱ्यांत दोघे समोरासमोर बसतात. मात्र दुसरी गोष्ट वेळेवर केली नाहीं तर पुष्कळदां पहिली घडून येते, आणि म्हणूनच वेळेचा प्रश्न इतका महत्त्वाचा आहे.

आतां नियम काय आहेत तें पाहूं. फिफा या जागतिक फुटबॉल संस्थेच्या नियमांप्रमाणें खेळाडूचा करार कमीत कमी चालू हंगामाच्या अखेरपर्यंतचा व जास्तींत जास्त पांच वर्षांचा असतो. देशाच्या कायद्यानें मुभा असेल तरच तो याहून लांबवितां येतो. अठरा वर्षांखालील मुलाला तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या करारानें बांधतां येत नाहीं. मुदतीचे शेवटचे सहा महिने उरले म्हणजे खेळाडूस दुसऱ्या क्लबाशीं पुढील करार करण्याची मोकळीक मिळते. आपल्या देशाचा कायदा तर मुलांच्या बाबतींत याहून कडक आहे. १८७२ च्या करारविषयक कायद्याप्रमाणें अज्ञान व्यक्तीस, म्हणजे जिचीं अठरा वर्षें पूर्ण झालीं नाहींत अशा व्यक्तीस, करार करण्याची पात्रताच नाहीं. आणि अशा व्यक्तीनें केलेला करार मुळांतच रद्दबातल होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं मोहरीबिबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यांत दिला. म्हणूनच लहान खेळाडूच्या कागदावर पालकांची सही घेण्यांत येते. ती सही म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. मुलाच्या वतीनें विचार करण्याचा भार तिच्याबरोबर पालकांच्या शिरावर येतो.

खेळाडूंस आजची मोकळीक सहजासहजीं मिळालेली नाहीं. इंग्लंडमध्यें पूर्वीं मुदत संपली तरी क्लबाच्या मर्जीवांचून खेळाडूला दुसरीकडे जातां येत नसे. शिवाय १९६१ पर्यंत कितीही मोठा खेळाडू असला तरी त्याच्या वेतनाला मर्यादा असे. ती शेवटीं शेवटीं आठवड्यास २० पौंड होती. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्यांत १९६३ सालीं न्यायालयानें खेळाडूस अडवून ठेवण्याची ही पद्धति अन्याय्य ठरविली. पुढें बेल्जियमच्या बोस्मान या खेळाडूच्या प्रकरणांत युरोपच्या न्यायालयानें १५ डिसेंबर १९९५ रोजीं असा निकाल दिला कीं, ज्याची मुदत संपली आहे असा खेळाडू युरोपीय संघाच्या एका देशांतून दुसऱ्या देशांत गेला तर जुन्या क्लबाला त्याच्याबद्दल पैसे मागतां येणार नाहींत. या निकालानें सारा हिशेब पालटला. तोंपर्यंत क्लबाला घाई नव्हती, कारण मुदत संपली तरी खेळाडू हातांतच राहत असे. त्यानंतर मात्र वेळींच करार नवा करणें ही खेळाडूइतकीच क्लबाचीही गरज झाली.

आपल्या महाराष्ट्रांतील एक उदाहरण क्रिकेटचें आहे. पण तत्त्व तेंच. श्रीरामपूरचा जहीर खान २००० सालीं भारताच्या संघांत आला, त्याच सुमारास त्यानें आपल्या जाहिरातींचा व्यवहार पाहणाऱ्या एका कंपनीशीं तीन वर्षांचा करार केला. मुदत संपल्यावर दुसरा कोणी जें देऊं करील तें प्रथम या कंपनीस कळवावें, आणि तितकेंच देण्याची तिची तयारी असेल तर तिच्याशींच करार करावा, अशी त्यांत एक अट होती. २००३ सालीं मुदत संपल्यावर त्यानें दुसऱ्या कंपनीशीं करार केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि २२ मार्च २००६ रोजीं असा निर्णय झाला कीं, ही अट मनुष्याच्या धंद्यास प्रतिबंध करणारी असल्यामुळें मुदतीनंतर लागू होऊं शकत नाहीं. यावरून बोध घ्यावयाचा तो असा : मुदतीच्या आंत करार पाळलाच पाहिजे, मुदतीनंतर माणूस मोकळा आहे. अर्थात् जें कांहीं बदलावयाचें तें मुदत चालू असतांना, आणि संमतीनेंच, बदललें पाहिजे.

मग योग्य वेळ कोणती? ती ठरविण्यासाठीं अगोदर अयोग्य वेळा कोणत्या तें पाहणें सोयीचें होईल.

पहिली अयोग्य वेळ म्हणजे फार लवकरची. एका सामन्यांत मुलानें दोन गोल केले, वर्तमानपत्रांत छायाचित्र आलें, आणि लगेच घरच्या मंडळींनीं क्लबाचें दार ठोठावलें. किंवा क्लबच घाबरून मोठी रक्कम घेऊन धांवत आला. अमेरिकेंत फ्रेडी अडू या मुलाशीं २००३ सालीं, तो अवघा चौदा वर्षांचा असतांना, करार करण्यांत आला व त्याच्या नांवाचा देशभर गाजावाजा झाला. पुढें अनेक देशांतील अनेक क्लबांतून तो खेळला. पण ज्या अपेक्षेनें त्याला डोक्यावर घेतलें होतें ती कधींच पुरी झाली नाहीं. दोष त्या मुलाचा नव्हे. कैरी अढींत घातली म्हणजे पिकते हें खरें. पण ती झाडावर आधीं भरली पाहिजे.

दुसरी अयोग्य वेळ म्हणजे फार उशिराची. पॉल पोग्बा हा फ्रेंच मुलगा २००९ सालीं इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडच्या कुमार संघांत आला. नवा करार जुळला नाहीं, आणि २०१२ सालीं मुदत संपतांच तो इटलींतील युव्हेंतुस या क्लबांत गेला. जुन्या क्लबाच्या हातीं नांवापुरती भरपाई पडली. त्याच खेळाडूला परत आणण्यासाठीं २०१६ सालीं मँचेस्टर युनायटेडला सुमारें ८ कोटि ९० लक्ष पौंड मोजावे लागले. तहान लागल्यावर विहीर खणावयास बसलें म्हणजे पाणी किती महाग पडतें, याचें याहून ठळक उदाहरण शोधूनही सांपडणार नाहीं.

या दोहोंच्या मधली वाट बार्सिलोना क्लबानें लामीन यामाल या मुलाच्या बाबतींत धरली. जुलै २००७ मध्यें जन्मलेला हा मुलगा एप्रिल २०२३ मध्यें, सोळावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, मुख्य संघांतून प्रथम खेळला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्याच्याशीं २०२६ पर्यंतचा, म्हणजे त्या वयाला नियमानें जेवढा बसतो तेवढाच, करार झाला. मध्यंतरीं दोन हंगाम तो पारखला गेला. मग मे २०२५ मध्यें, अठरावें वर्ष पुरें होण्याच्या सुमारास आणि जुना करार संपण्यास वर्षाहून अधिक अवकाश असतांना, २०३१ पर्यंतचा नवा करार जाहीर झाला.

या तिसऱ्या उदाहरणांतच आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे. आमच्या मतें करार नवा करण्याची योग्य वेळ ठरविण्यास दोन खुणा पुरेशा आहेत. एक अशी कीं, मुलानें मुख्य संघांत निदान एक संपूर्ण हंगाम खेळून दाखविलेला असावा. दुसरी अशी कीं, जुन्या मुदतीपैकीं एक ते दीड वर्ष अद्याप शिल्लक असावें. पहिल्या खुणेनें गुणाची खात्री पटते. दुसरीनें दोन्ही पक्ष समान पातळीवर राहतात.

ही दुसरी गोष्ट थोडी उलगडून सांगतों. समजा, डोंबिवलीच्या एका मुलानें अठरावें वर्ष पुरें होतांच तीन वर्षांचा करार केला. पहिलें वर्ष बहुतेक राखीव बांकावर गेलें. दुसऱ्या हंगामांत त्याला जागा मिळाली व त्यानें तिचें सोनें केलें. पहिल्याच वर्षीं त्यानें वाढ मागितली असती तर क्लबानें हंसून वाटेला लावलें असतें, कारण दोन वर्षें मुलगा त्यांच्या हातांत होता. उलट, तिसऱ्या वर्षाचे शेवटचे सहा महिने उजाडेपर्यंत क्लब झोंपून राहिला, तर मुलगा उघडपणें दुसऱ्याशीं बोलूं शकतो, आणि क्लबाच्या हातांत विनवणीखेरीज कांहीं उरत नाहीं. पण दुसरा हंगाम संपून तिसरा सुरू होण्यापूर्वीं जो अवकाश असतो, त्या वेळीं क्लबाला मुलगा गमावण्याची भीति असते व मुलाला पुढच्या वर्षीं गुडघा दुखावला तर काय, ही भीति असते. दोघांनाही एकमेकांची गरज वाटते अशी ती वेळ होय. आणि न्याय्य ठराव अशाच वेळीं होतो. हंगाम संपलेला असल्यामुळें मुलाचें चित्तही खेळांतून विचलित होत नाहीं. मात्र एकदां नवा करार झाला म्हणजे दर सहा महिन्यांनीं पुन्हां तोच विषय काढणें हें कोणासही शोभत नाहीं. त्यापेक्षां करारांतच चढत्या पायऱ्या घालाव्या : इतके सामने खेळला तर इतकी वाढ, देशाच्या संघांत निवड झाली तर इतकी. अशी पायरी असली म्हणजे निम्मे तंटे उपजण्यापूर्वींच मिटतात.

वेतनाचा आंकडा हाच काय तो करार, अशी समजूत मात्र कोणीं करून घेऊं नये. अन्वर अली या पंजाबच्या खेळाडूनें २०१८ सालीं मुंबई सिटीशीं करार केला. पुढच्याच वर्षीं त्याच्या हृदयांत दोष असल्याचें आढळलें, आणि पुन्हां मैदानावर येण्यासाठीं त्याला न्यायालयाचें दार ठोठवावें लागलें. तो खेळूं लागला, मोठा झाला. आणि २०२४ सालीं एका क्लबाशीं असलेली चार वर्षांची बोली सोडून दुसरीकडे गेल्याबद्दल त्याच्यावर व संबंधित क्लबांवर मिळून १२ कोटि ९० लक्ष रुपयांच्या भरपाईचा निर्णय महासंघाच्या समितीनें दिला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयांत जाऊन फेरसुनावणीचा मार्ग खुला झाला, ही गोष्ट वेगळी. पण एका खेळाडूच्या आयुष्यांत आजारपण आणि कोर्टकचेरी हीं दोन्ही किती लवकर येऊं शकतात, हें यावरून दिसतें. तशांत जुलै २०२५ मध्यें इंडियन सुपर लीगचा पुढील हंगामच लांबणीवर पडला, आणि कांहीं क्लबांनीं खेळाडूंचें वेतन थांबविल्याचें जाहीर केलें. कागदावरचा आंकडा कितीही मोठा असला तरी तो देणारा हात शाबूत असावा लागतो.

म्हणून करार नवा करतांना पालकांनीं पुढील गोष्टी अवश्य विचाराव्या. दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार, व त्या काळांत वेतन चालू राहणार काय? वेतन थकल्यास खेळाडू किती दिवसांनीं मोकळा होतो? मुदतीपूर्वीं दुसऱ्या क्लबानें मागणी केल्यास किती रकमेवर सोडणार? मुलाच्या शिक्षणाची व परीक्षेची सोय काय? शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. कल्याणहून किंवा डोंबिवलीहून अंधेरीला अथवा कूपरेजला सरावास जाणाऱ्या मुलाचे रोज कित्येक तास आगगाडीच्या गर्दींत जातात. त्याच वर्षीं दहावीची परीक्षा असली तर पुस्तक उघडावयाचें केव्हां? क्लबाला चांगला खेळाडू हवा असेल तर त्याच्या अभ्यासाचा वेळ राखणें हेंही क्लबाचेंच कर्तव्य मानलें पाहिजे, आणि तें करारांत लिहून घेतलें पाहिजे.

क्लबाची बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. ज्यानें मुलाला बूट दिले, शिक्षक दिला, उन्हापावसांत मैदान राखलें, त्याचा त्या यशांत वाटा आहे. फिफाच्या नियमांनीं हा वाटा मान्य केला आहे. मुदत चालू असतांना खेळाडू एका देशाच्या क्लबांतून दुसऱ्या देशाच्या क्लबांत रक्कम घेऊन गेला, तर त्या रकमेचा शेंकडा ५ हिस्सा त्याच्या बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला शिकविणाऱ्या क्लबांत वांटला जातो. म्हणजे १ कोटीच्या व्यवहारांत ५ लक्ष रुपये. आणि बारा ते पंधरा या चार वर्षांत ज्या लहानशा नोंदणीकृत क्लबानें मुलाला तयार केलें, त्याच्या वांट्याला त्यांतून १ लक्ष येतात. गल्लींतल्या क्लबाला ही रक्कम लहान नव्हे. दोन वर्षांचे चेंडू आणि जाळीं तींत येतील. यास्तव मुलाच्या नोंदणीचे कागद जपून ठेवणें हें पालकांचें व लहान क्लबांचेंही काम आहे.

विद्यार्थ्यांस शेवटीं एकच सांगावयाचें आहे. कोल्हापूर हें तालमींच्या फुटबॉलसाठीं प्रसिद्ध असलेलें गांव. तेथला अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत शिकला व २०१७ सालीं भारताच्या कुमार संघांतून जागतिक स्पर्धेंत खेळला. त्या संघानें तिन्ही सामने गमावले. पण त्या मुलांना तसेंच सोडून न देतां महासंघानें त्यांतील पुष्कळांना इंडियन अ‍ॅरोज या संघांत एकत्र ठेवून मोठ्या संघांविरुद्ध खेळविलें. अनिकेतही त्यांत होता. तेथून तो जमशेदपूरला व पुढें हैदराबादला गेला. एका स्पर्धेचा गाजावाजा महिनाभर टिकतो. खेळ मात्र हंगामामागून हंगाम शिकावा लागतो, आणि करार हा त्या शिकण्याला आधार देण्यापुरताच असतो.

सारांश, क्लबानें मागणी येण्याची वाट न पाहतां एक हंगाम पारखून, वर्ष-दीड वर्ष हातीं असतांना आपण होऊन बोलावें; पालकांनीं टाळ्यांच्या गजरांत सही करूं नये व शेवटच्या महिन्यांत अडवणूक करूं नये; आणि मुलानें, जुना कागद फाडून नवा होईपर्यंत, जुन्या कागदावरच्या शब्दाप्रमाणें पूर्ण शक्तीनें खेळावें. ज्यानें कमी वेतनावरही सराव चुकविला नाहीं, त्याच्याशीं अधिक वेतनाचा करार करतांना क्लबाचा हात आंखडत नाहीं. ठाण्या-कल्याणच्या मैदानांवरून उद्यां जो कोणी मोठ्या संघांत जाईल, त्याच्या पायांत बळ असो आणि त्याच्या घरच्या माणसांच्या हातीं सही करण्यापूर्वीं दोन दिवस विचार करण्याइतका धीर असो, एवढीच आमची इच्छा आहे.